उघड्या खड्ड्याचा धनी

सन २०१७ च्या आक्टोबर महिन्यांत आपल्या वर्धा जिल्ह्यांतील कारंजा तालुक्यांत, सिंदीविहिरी गांवाच्या शिवारांत, एक वाघीण मरून पडलेली आढळली. ही वाघीण मूळची आपल्या जिल्ह्याची नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यांत ब्रह्मपुरीच्या बाजूस तिनें माणसांवर हल्ले केल्यामुळें वनखात्यानें तिला पकडिलें, आणि गळ्यांत रेडिओचा पट्टा बांधून त्याच वर्षाच्या पावसाळ्यांत बोरच्या अरण्यांत सोडिलें. तेथेंहि ती स्थिर राहिली नाहीं. गांवोगांवचीं शिवारें ओलांडीत ती दूरदूर भटकली. तिच्या हल्ल्यांत आणखी माणसें प्राणांस मुकलीं. तिला गोळी घालावी असा हुकूम सुटला, आणि तो हुकूम योग्य कीं अयोग्य हा वाद नागपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. अरण्य जाणणारे व कायदा जाणणारे पुष्कळ लोक तिच्या जिवाविषयीं विचार करीत होते. शेवटीं तिचा निकाल यांपैकीं कोणीच लाविला नाहीं. रानडुकरांस अडविण्यासाठीं एका शेताभोंवतीं विजेची तार ओढलेली होती; त्या तारेस स्पर्श होऊन ती मेली.

ज्यानें ती तार लाविली त्याच्या ध्यानींमनीं वाघीण नव्हती. त्यास आपलें पीक राखावयाचें होतें, एवढेंच. तेव्हां प्रश्न असा उपस्थित होतो कीं, अशा मनुष्यानें अपराध केला काय? कायद्याचें उत्तर सरळ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें वाघ मारणें हा गुन्हा आहे, आणि कुंपणाच्या उघड्या तारेंत वीज सोडणें हाहि गुन्हा आहे. परंतु कायद्याचें उत्तर ऐकून मन स्वस्थ होत नाहीं, कारण आपण खेड्यांत राहणारे लोक त्या शेतकऱ्यास ओळखतों. तो सिंदीविहिरीचाच असतो असें नाहीं. तो आपल्या गांवांत आहे, आपल्या मंडळींत आहे, आणि वाचकहो, खरें बोलावयाचें तर कित्येकदां तो आपल्याच घरांत आहे. कोणाच्या शेतावर रात्रीं आंकडा टाकलेला असतो हें गांवांत सर्वांस ठाऊक असतें. बोलत मात्र कोणी नाहीं.

या प्रश्नाचीं दोन उत्तरें फार लवकर दिलीं जातात. एक असें कीं, मनुष्य प्रथम, जनावर मागाहून. ज्याच्या ताटांतील भाकरी जाते त्यानें हवा तो उपाय करावा. दुसरें असें कीं, मुका प्राणी निरपराध आहे, अरण्य आधीं त्याचें होतें, म्हणून दोष सर्वस्वीं मनुष्याचा. पहिलें उत्तर शेतांत ऐकूं येतें, दुसरें शहरांत. मला दोन्ही अपुरीं वाटतात, आणि दुसऱ्याविषयीं माझें मत कसें बदललें तें आधीं सांगतों.

गतवर्षीं हिवाळ्यांत सेलू तालुक्यांतील, बोरच्या जंगलास लागून असलेल्या एका गांवीं मी गेलों होतों. बोरचें अरण्य १९७० सालीं अभयारण्य झालें व २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्प झालें. त्याचा विस्तार लहान आहे, आणि त्याच्या कडेला शेतें अगदीं चिकटलेलीं आहेत. संध्याकाळीं दहा-पंधरा माणसें जमलीं असतां मी भूतदयेविषयीं कांहीं बोललों. बोलणें संपल्यावर एक वृद्ध शेतकरी म्हणाला, “मास्तर, डुकरावर दया करा म्हनता, करतो. पन माह्या हरभऱ्यावर कोन दया करते? तुमी एक रात माह्यासंगं जागलीले चाला, मंग सांगा काय सांगाचं तं.”

मी गेलों. त्याची जमीन तीन एकर. अर्ध्या भागांत तूर, अर्ध्यांत हरभरा. शेताच्या मध्यें चार बल्ल्यांवर बांधलेला माळा, त्यावर एक घोंगडें, एक बॅटरी आणि वाजविण्यासाठीं तेलाचा रिकामा डबा. थंडी अशी कीं हाडांपर्यंत शिरावी. दहा वाजण्याच्या सुमारास रोही आले. डबा वाजवितांच परतले. मध्यरात्रीं डुकरें आलीं. ओरडून ओरडून आमचे घसे बसले तेव्हां गेलीं. पहांटे तीन-साडेतीनला आम्हां दोघांचा डोळा लागला. उजाडल्यावर पाहतों तों बांधालगतचा हरभरा नांगरल्यासारखा उलथून पडलेला. डुकरानें खाल्लेलें थोडें, मुळासकट उपटलेलें फार. म्हाताऱ्यानें कपाळास हात लाविला नाहीं, देवास दोष दिला नाहीं, उपटलेलीं रोपें गोळा करून बैलांपुढें टाकिलीं, आणि मला म्हणाला, “आता चहा पिऊ.” तो तशा रात्री कार्तिकापासून माघापर्यंत काढितो. त्या रात्रीनंतर शेतकऱ्यास भूतदयेचा पाठ शिकविण्याची माझी हौस बरीच कमी झाली.

तथापि हौस कमी झाली म्हणून प्रश्न सुटला नाहीं. दुःखी मनुष्यास सर्व क्षम्य आहे असें म्हणणें ही त्याच्यावर दया नव्हे; तो विचार करण्यास असमर्थ आहे असें म्हणण्यासारखेंच तें आहे. या विचारांत असतां मला निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायांतील एका नियमाची आठवण झाली. आपण तो भाग वाचतांना बहुधा भरभर पुढें जातों. तेथें सांगितलें आहे कीं, कोणी खड्डा खणून किंवा उघडून तो झांकला नाहीं, आणि त्यांत दुसऱ्याचा बैल अथवा गाढव पडून मेलें, तर खड्ड्याच्या धन्यानें त्याची भरपाई करावी. पुढल्याच अध्यायांत अग्नीविषयीं तसाच नियम आहे: कांट्यांस लागलेली आग पसरून दुसऱ्याचें धान्य जळालें तर आग लावणारानें भरून द्यावें. यांतील मर्म पाहावें. खड्डा खणणारानें बैलास ढकललें नाहीं. त्याचें बैलाशीं वैर नव्हतें. खड्डा त्यानें पाण्यासाठीं किंवा धान्यासाठीं, म्हणजे चांगल्याच हेतूनें खणला असेल. शास्त्र त्याचा हेतु विचारीतच नाहीं. खड्ड्यास डोळे नाहींत, तो येणारास ओळखत नाहीं. म्हणून ज्यानें तो उघडा ठेविला त्यानें त्याच्यातर्फे पाहिलें पाहिजे, इतकाच त्याचा आशय आहे.

विजेची तार हा असाच खड्डा आहे. डुकराचा समाचार घेणारा शेतकरी हातांत काठी घेऊन उभा असतो तेव्हां समोर डुक्कर आहे, वासरूं आहे कीं शेजाऱ्याचें पोर आहे हें त्यास दिसतें. तार त्याच्याऐवजीं रात्रभर जागते, पण पाहत नाहीं. तिनें वाघीण मारिली. तिनें हरणें, गाई व कुत्रीं मारिलीं आहेत. पहांटे पाणी द्यावयास आलेले शेतकरीहि महाराष्ट्रांत अशा तारांनीं मारिले आहेत, आणि त्यांत कित्येकदां तार लावणारा स्वतःच गेला आहे. माझ्या मतें अपराध पीक राखण्यांत नाहीं. आपल्या हातून काय घडेल तें पाहण्याचें काम आंधळ्या वस्तूवर सोंपवून आपण झोंपीं जाणें, यांत तो आहे. दोन गोष्टींत एवढें अंतर आहे कीं एकीस मी शेतकऱ्याचा हक्क म्हणेन व दुसरीस त्याचा दोष.

हें तत्त्व मनांत धरून पाहूं लागलें म्हणजे असे उघडे खड्डे जागोजाग दिसूं लागतात, आणि ते सर्वच गरिबांनीं खणलेले नसतात. त्याच २०१७ च्या हंगामांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले. ज्या विषानें नाकातोंडास फडकें बांधलेला मनुष्य मरतो तें विष त्याच कपाशीच्या फुलावर बसलेल्या मधमाशीस ओळखून सोडील काय? फवारणाऱ्या मजुरास कोणीं नीट समजावून सांगितलें नव्हतें. खड्ड्याचा धनी तेथें कोण, याचें उत्तर शेताच्या बांधापाशीं संपत नाहीं. तें विकणाऱ्याच्या दुकानापर्यंत व तेथून पुढेंहि जातें.

गिधाडांची गोष्ट तर याहून विचार करावयास लावणारी आहे. आपल्या वडील माणसांस आठवत असेल कीं, मेलेलें ढोर गांवाबाहेर ओढून टाकिलें म्हणजे घटकेभरांत आकाश गिधाडांनीं भरून जाई. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तीं दिसेनाशीं झालीं. पांढऱ्या पाठीचीं गिधाडें या देशांत इतकीं घटलीं कीं, १९९२ सालीं जेथें हजार होतीं तेथें २००७ सालीं जेमतेम एक उरलें. प्रथम कोणासहि कारण उमगेना. पुढें शोधाअंतीं कळलें कीं, दुखणाईत जनावरांस वेदना कमी व्हाव्या म्हणून डायक्लोफिनॅक नांवाचें औषध देत; तें दिल्यानंतर थोड्याच दिवसांत मेलेल्या ढोराचें मांस गिधाडानें खाल्लें म्हणजे त्याचें मूत्रपिंड निकामी होऊन तें मरे. २००६ सालीं सरकारनें जनावरांसाठीं या औषधाची बंदी केली, आणि त्याऐवजीं मेलॉक्सिकॅम हें गिधाडांस अपाय न करणारें औषध पुढें आलें. आतां विचार करा. ज्यानें आपल्या लंगड्या बैलास तें औषध टोंचविलें त्यानें क्रूरपणा केला नाहीं. त्यानें दयाच केली. एका मुक्या जिवावरील दयेनें दुसऱ्या मुक्या जिवाचा वंश जवळजवळ बुडाला. त्यास मी दोषी म्हणत नाहीं, कारण २००४ पूर्वीं ही गोष्ट पंडितांसहि ठाऊक नव्हती. परंतु बंदीनंतरहि माणसांसाठीं येणाऱ्या मोठ्या बाटल्या चोरून ढोरांस वापरीत, म्हणून २०१५ सालीं त्या बाटल्यांचें मापहि सरकारास लहान करावें लागलें. ज्ञान मिळाल्यावर तीच कृति निराळी होते. अज्ञान हें कधीं निमित्त असतें व कधीं सोयीचें पांघरूण असतें. आपलें कोणतें हें ज्याचें त्यासच ठाऊक.

येथें मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहींतर इतरांच्या खड्ड्यांविषयीं लिहिणें शोभणार नाहीं. मी तरुणपणीं एका खेड्यांत मुलांस शिकवीत असतांना शाळेजवळच्या चिंचेवर आग्या मोहोळ बसलें. मुलांस माशा डसतील या भयानें मीं दोन गड्यांस पैसे देऊन रात्रीं मशालीनें तें जाळविलें. सकाळीं झाडाखालीं अर्धवट जळलेल्या माशांचा थर पडला होता, आणि त्यांतून पोरें मेणाचे तुकडे वेंचीत होतीं. त्यांतील एक मुलगी मला म्हणाली कीं, गुरुजी, यांतल्या पुष्कळ अजून चालत आहेत. मीं तिला वर्गांत जावयास सांगितलें. दुसरा उपाय आहे काय, असें मीं कोणास विचारिलेंहि नव्हतें. तो होता हें मला फार वर्षांनीं कळलें. आपल्या वर्ध्याजवळ दत्तपूर येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानें आग्या मोहोळाचा मध न जाळतां काढण्याची रीति मध गोळा करणाऱ्या लोकांस शिकविली आहे. अंगभर जाळीचा पोषाख घालावयाचा, धूर देऊन माशा बाजूस सारावयाच्या, आणि फांदीलगत जो मधाचा गड्डा असतो तेवढाच कापून घेऊन अंड्यापिलांचा खालचा भाग तसाच ठेवावयाचा. माशा मरत नाहींत, आणि तोडलेला भाग पुन्हां बांधूं लागतात.

मधमाशीचें नांव निघालें म्हणून वर्ध्याच्याच एका ख्रिस्ती गृहस्थांची आठवण करून देतों. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे तंजावरकडचे; १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हांपासून ते वर्ध्यास मगनवाडींत राहून त्याचें काम पाहूं लागले. चळवळींत तुरुंगांत असतांना त्यांनीं टिकाऊ अर्थव्यवस्थेवर इंग्रजींत एक ग्रंथ लिहिला. तो १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ते सृष्टींतील प्राण्यांच्या जगण्याच्या रीति पाहून मनुष्याच्या धंद्यांची प्रतवारी लावितात. दुसऱ्याचा जीव घेऊन जगणारे एक. आमराईंतील वानराप्रमाणें कांहीं न देतां फळ खाऊन जाणारे दुसरे. आणि मधमाशीप्रमाणें घेतां घेतांच देणारे तिसरे, कारण माशी फुलांतून मकरंद घेते तेव्हांच फुलाचें फळ होण्याचें काम करिते. त्यांच्या यादींत याहूनहि वरच्या पायऱ्या आहेत, पण आम्हां शेतकरी लोकांस ही तिसरी पायरी गांठली तरी पुष्कळ झालें. (वानरांविषयीं मात्र ते अंमळ कठोर होते असें मला वाटतें, वानरानें टाकलेल्या कोयींपासूनहि झाडें उगवतात.)

यावरून परसबागेची गोष्ट ओघानेंच येते. कांहीं लोक म्हणतात कीं, जेथें वाघाचा व वनाचा प्रश्न आहे तेथें घरामागच्या दोन वाफ्यांचें काय घेऊन बसलांत? मला वाटतें, पाहण्याची संवय तेथेंच लागते. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा किडा असतो. तो चिरडण्यापूर्वीं आठ-पंधरा दिवस थांबणाऱ्या मुलास त्यांतून फुलपांखरूं निघालेलें दिसतें. धामण दिसतांच काठी उचलणारा मनुष्य ती उंदीर कसे धरिते हें एकदां पाहील तर पुढल्या वेळीं त्याचा हात थबकेल. घुबड-पिंगळ्यांस अशुभ मानून दगड मारणें आपल्या मंडळींतूनहि पूर्णपणें गेलेलें नाहीं. कुंपणास तार ओढण्याऐवजीं बोर, करवंद, सागरगोटी यांची कांटेरी वई लाविली तर रानडुक्कर सर्वस्वीं थांबत नाहीं हें मीं स्वतः पाहिलें आहे, त्याविषयीं खोटी आशा दाखवीत नाहीं. परंतु त्या वईंत सुगरण, बुलबुल व मुंगूस राहतात, आणि बांध वाहून जात नाहीं.

शिक्षणाचा विचार करितांना आपल्या जिल्ह्यास बाहेर पाहावें लागत नाहीं. १९३७ सालीं वर्ध्यासच ती शिक्षणपरिषद भरली जींतून नई तालीम निघाली, म्हणजे हाताच्या कामांतून बुद्धीचें शिक्षण. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेंतील मुलें आजहि भाजीपाला पिकवितांना धडे शिकतात. आणि २०१८ सालीं वर्धा शहरांत लोकांचीं मतें घेऊन शहराचा पक्षी निवडण्यांत आला. निवडून आला तो नीलपंख. शेतावरून जाणाऱ्या तारेवर बसून टोळ व नाकतोडे टिपणारा हा पक्षी आपण जन्मभर पाहिलेला असतो, पण मत द्यावयाचें म्हणून कित्येकांनीं त्याजकडे प्रथमच नीट पाहिलें असेल. आपल्या गांवच्या शाळेंत असा एक दिवस करावयास पैसा लागत नाहीं. मुलांच्या हातांतली गलोल काढून घेणें सोपें आहे. तिच्या जागीं काय द्यावयाचें हें न ठरवितां ती काढून घेऊं नये.

आतां पुन्हां त्या तीन एकरांच्या शेताकडे येतों, कारण माझें हें सर्व बोलणें तेथें टिकलें पाहिजे. उघड्या खड्ड्याचा नियम शेतकऱ्यास लागू करावयाचा तर तो सर्वांसच लागू केला पाहिजे. अरण्य राखावें असा हुकूम देशानें केला. त्या अरण्यांतून निघालेलें डुक्कर ज्याच्या शेतांत शिरतें तो एकटाच त्याचें मोल भरीत असेल, तर अरण्य राखणाऱ्या सर्व लोकांनीं खड्डा उघडाच ठेविला असें म्हणावें लागेल. नुकसानीची भरपाई देण्याची सरकारी तरतूद आहे. परंतु अर्ज, पंचनामा, सात-बाराचा उतारा आणि हेलपाटे यांत जाणारे दिवस कोणी मोजीत नाहींत. मंडळींतील लिहितां-वाचतां येणाऱ्या तरुणांनीं, आणि विशेषतः उपदेशकांनीं, अशा वेळीं शेतकऱ्याबरोबर त्याच दिवशीं शेतावर जाऊन अर्ज लिहून द्यावा. व्याघ्रदिनाच्या मिरवणुकीपेक्षां वाघाचा जीव त्यानें अधिक राखला जाईल असें मी समजतों.

त्या वृद्ध शेतकऱ्यास मीं झटका मशीनची माहिती दिली. ती त्यास अगोदरच होती. ज्यांस ती नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों. आंकडा टाकून सोडलेली वीज तारेंतून अखंड वाहते आणि धरलेल्यास सोडीत नाहीं. झटका मशीन सूर्याच्या उष्म्यावर नव्हे, त्याच्या प्रकाशावर भरलेल्या बॅटरीवर चालतें, आणि सेकंदास सुमारें एक असा क्षणिक धक्का देतें. जनावर दचकून मागें सरतें, मरत नाहीं. गवत वाढून तारेस लागलें म्हणजे धक्का क्षीण होतो, म्हणून वरचेवर फिरून पाहावें लागतें. मला या यंत्रांत हेंच बरें वाटतें कीं तें धन्यास झोंपूं देत नाहीं.

त्यानें व लागून असलेल्या तिघां शेजाऱ्यांनीं मिळून यंदा तें बसविलें. हरभरा वांचला. गेल्या महिन्यांत त्याचा निरोप आला कीं, डुकरें आतां त्यांच्या चौघांच्या शेतांत येत नाहींत. तीं ओढ्यापलीकडच्या एका विधवा बाईच्या दीड एकरांत शिरूं लागलीं आहेत. तिच्याजवळ यंत्रास पैसा नाहीं व रात्रीं जागलीस मनुष्य नाहीं. कोणीतरी तिला आंकडा टाकून देण्यास तयार झाला आहे. या खड्ड्याचा धनी कोण, असें त्यानें विचारिलें नाहीं, पण निरोपाच्या शेवटीं लिहविलें आहे कीं, “पेरनीच्या आंधी आमी चौघं बसनार आहो. मास्तर, तुमीबी या.” मी येत्या मंगळवारीं जात आहें.